परदेशी टेकडीचा रब्बी हंगाम

कार्तिकातल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान, परदेशातली एक टेकडी अफूची सवय सोडण्याच्या प्रशिक्षणासाठी पिंपळसोंडच्या गायरानात येऊन उभी राहिली.

तिला उतरवून घ्यायची जबाबदारी मंडल कृषी अधिकारी शरयू ढोबळे हिच्यावर होती. पण फाट्यावर उसाची ट्रॉली कलंडली होती, त्यामुळे शरयू पोचेपर्यंत टेकडी आपली आपण टेकली होती. शरयूने खात्याच्या पत्रातल्या वर्णनाशी ती ताडून पाहिली. उंची चारशे दहा फूट, पश्चिमेच्या अंगाला पायऱ्या-पायऱ्यांची सात शेतं, माथ्यावर एक वाकडं झाड. सगळं जुळत होतं. पत्रात फक्त बाईचा उल्लेख नव्हता, आणि तिसऱ्या पायरीवर एक बाई तीन शेळ्या घेऊन उभी होती.

बाईचं नाव मेहरमो. वय चाळिशीच्या पुढे. टेकडीची फाइल मंजूर झाली तेव्हा ती शेळ्या चारायला वर गेली होती आणि तिला खाली उतरायला कुणी सांगितलंच नाही, असं मागाहून कळलं. शरयूने हजेरीपटावर 'प्रशिक्षणार्थी – एक' असं लिहिलं, जरा विचार केला, आणि त्याखाली 'सोबत – एक' असं लिहिलं. शेळ्यांसाठी रकाना नव्हता.

परदेशात पिकणारी अफू परदेशातच रोखायची, हे सरकारचं धोरण जुनंच होतं. आधी तिथल्या शेतकऱ्यांना दुसऱ्या पिकांचं बियाणं वाटलं. मग विमानातून औषध फवारलं. ते ज्यांनी बियाणं पेरलं होतं त्यांच्याही शेतांवर पडलं. एवढं करूनही अफू येतच राहिली. तेव्हा सरकारच्या समितीच्या लक्षात आलं, की आजवर जे काही शिकवलं ते माणसांना शिकवलं. जमिनीला कुणी कधी काही शिकवलंच नव्हतं. मग 'सहकारी देशा'शी करार झाला. फाइलमध्ये त्या देशाचं नाव सगळीकडे 'सहकारी देश' एवढंच होतं. करारानुसार एक टेकडी नमुन्यादाखल एका रब्बी हंगामासाठी इकडे पाठवायची होती. हंगामाअखेर तिने परवानगी असलेलं एक तरी पीक स्वतःहून दिलं, तर तिला सन्मानाने परत पाठवायचं. नाही दिलं, तर परत नेऊन तिचं सपाटीकरण करायचं. टेकडीच्या पायथ्याशी तिकडे एकतीस घरं होती. ती आता मोकळ्या आभाळाखाली वाट बघत बसली होती.

शरयूला खात्यात सतरा वर्षं झाली होती. हुमणी अळीचा बंदोबस्त, ठिबक, माती परीक्षण, सगळं तिने बांधाबांधावर फिरून शिकवलं होतं. तिला एकच खोड होती. उत्तर मिळालं तरी तिचा प्रश्न संपत नसे. सासरी म्हणायचे, शरयूला भाजी कसली केलीस विचारलं तर ती बी कुठून आलं इथपासून सुरुवात करते.

पहिल्याच आठवड्यात सोपान लेंडे तक्रार अर्ज घेऊन आला. गायरानाला लागून त्याची शेवंती होती आणि टेकडीमुळे तिच्यावर सकाळी साडेनऊपर्यंत सावली पडत होती.

"मॅडम, पाहुणी आहे, मान्य. पण पाहुण्यानं माणसाच्या उन्हात उभं राहावं का?" सोपान म्हणाला.

"हंगामापुरतीच आहे, सोपानराव."

"शेवंतीसुद्धा हंगामापुरतीच असते की."

शरयूने अर्ज आवक नोंदवहीत चढवला. तलाठी कुंभारकरांनी सातबारावर टेकडीची नोंद घ्यायला नकार दिला, कारण ती जमिनीवर ठेवलेली होती, जमीन नव्हती. दोघांचंही म्हणणं रास्त होतं, म्हणून दोन्ही कागद एकाच फाइलला लागले.

पेरणी वेळेवर झाली. पहिल्या पायरीवर गहू, दुसरीवर हरभरा, तिसरीवर लसूण. बियाणं प्रमाणित होतं, पिशवीवर शिक्का होता. त्या टेकडीची माती मोठी चलाख. आठव्या दिवशी तिन्ही पायऱ्या हिरव्यागार झाल्या. शरयू ओणवी होऊन बघते तर पानं निळसर, कातरलेली, सॅलडच्या पानांसारखी. तिने परिपत्रकातलं चित्र बाजूला धरलं. गव्हाच्या जागी अफू होती, हरभऱ्याच्या जागी अफू होती. लसणाच्या तर पाकळ्या लावल्या होत्या, तिथेही रांग न मोडता अफूच उगवली होती.

हवालदार तांबोळींनी ती उपटली, मोजली, पंचनामा केला आणि जाळली. आरोपीच्या नावापुढे त्यांनी 'टेकडी, परदेशी, वय माहीत नाही' असं लिहिलं. पुन्हा पेरणी झाली. आठ दिवसांनी पुन्हा अफू आली. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि 'गहू, उत्तम प्रत' असा शेरा घेऊन परत आला. पुण्याहून उपसंचालक पारखी साहेबांचा फोन आला.

"ढोबळे, प्रशिक्षणार्थीचा प्रतिसाद कसा आहे?"

"पेरलेलं सगळं उगवतंय, साहेब."

"छान. काय उगवतंय?"

"अफू."

"म्हणजे उगवण क्षमता चांगली आहे," साहेब म्हणाले. "आता दिशा द्या."

प्रशिक्षणाच्या अटींमध्ये मराठीचं कामचलाऊ ज्ञान आवश्यक होतं. टेकडीच्या वतीने ते मेहरमोने मिळवलं, बावीस दिवसांत. गावातल्या चंद्रभागा थोरवे तिला भाकरी द्यायला रोज वर जात आणि तासभर बोलत बसत. त्यामुळे मेहरमोची मराठी हुबेहूब चंद्रभागाबाईंची झाली. ती 'व्हय' म्हणे, 'न्हाई' म्हणे, आणि चंद्रभागाबाई तिच्याशी अगं-तुगं करत म्हणून तीही सगळ्यांना अगं-तुगं करी. अधिकाऱ्यांनासुद्धा.

तिला बोलता येतंय हे कळल्यावर शरयू एका सकाळी वर गेली. मेहरमो शेळीच्या खुरातला काटा काढत होती. शरयू तिच्या शेजारी बसली आणि तिने जे पहिल्याच दिवशी विचारायचं होतं ते विचारलं.

"ही असं का करते?"

"तू बी टाकतीस आन जातीस," मेहरमो म्हणाली. "न्यायला कोण येतं?"

"पीक आल्यावर बघू ना ते."

"तुमच्यात तसं आसंल. हिच्यात आधी माणूस येतो, मंग पीक येतं." तिने काटा उन्हात धरून बघितला. "तीस वरसं हिच्याकडं येकच माणूस येतोय. जीपवाला. गहू न्यायला कोण आलं न्हाई, सडला. जर्दाळू सडले. वाट बंद, पूल पडल्याला. अफू सडत न्हाई, खाटंखाली ऱ्हाती. जीपवाला येतो, म्हणून ही अफू देती. ज्यासाठी माणूस येतो ते देती. हिला काय वाईट खोड न्हाई."

शरयूने वहीत लिहून घेतलं: 'प्रशिक्षणार्थी मागणीनुसार उत्पादन घेते.' मग तिने खोडून लिहिलं: 'येणाऱ्यानुसार.' फरक काय, ते तिला नीट सांगता आलं नसतं, पण फरक आहे एवढं तिला जाणवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन टेकडी चढू लागली. दुसऱ्या पायरीवर उभी राहून ती बाजारात विचारावं तसं विचारी, "हरभरा आहे का?" मग पिशवी रिकामी घेऊन उतरे आणि कचेरीत जाई. आठ दिवसांनी ती जिथे उभी राहत असे बरोबर तिथे अफूचं एक भरघोस रोप आलं.

पण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. चंद्रभागाबाईंच्या घरी मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. कोथिंबीर वड्यांचा बेत होता आणि त्यांच्या परसातली कोथिंबीर शेळ्यांनी फस्त केली होती. शेळ्या मेहरमोच्या होत्या. चंद्रभागाबाई तावातावाने वर गेल्या, मेहरमो टेकडीच्या पलीकडच्या अंगाला होती, म्हणून त्यांनी टेकडीलाच सुनावलं. "मला कोथमीर पायजे! आत्ताच्या आत्ता न्हाई, रविवारपतूर. पण पायजे म्हंजे पायजे!"

रविवारी सकाळी तिथे कोथिंबीर होती. चार जुड्या निघतील एवढी, वास पार पायथ्यापर्यंत. शरयूने पान चुरगाळून बघितलं, चावून बघितलं. हवालदार तांबोळींनीही चावून बघितलं आणि पंचनाम्यावर 'निरंक' लिहिलं. वड्या झाल्या. पाहुण्यांनी मुलगी पसंत केली.

शरयूने पुण्याला कळवलं. पारखी साहेब खूश झाले. "चार जुड्यांवर हंगाम निघत नाही, ढोबळे. व्याप्ती वाढवा," ते म्हणाले आणि त्यांनी तसं परिपत्रकच काढलं. ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी, दूध डेअरी, सगळ्यांनी पाळीपाळीने टेकडी चढायची, ठरवून दिलेल्या पिकाची मागणी करायची आणि उतरताना सही करायची. सोमवारी साठ माणसं चढली. डेअरीवाल्यांना करडई दिली होती, शिक्षकांना जवस. सगळ्यांनी मोठ्याने मागणी केली, सही केली आणि घरी गेले.

आठ दिवसांनी टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत अफूने भरली. जिथे पूर्वी नुसता खडक होता तिथल्या भेगांमधूनही अफू आली. त्या मातीत तिला फुलायलाही वेळ लागला नाही. पांढऱ्या आणि जांभळ्या फुलांनी ती टेकडी इतकी सुंदर दिसू लागली की आसपासच्या गावांतून लोक बघायला येऊ लागले, आणि त्यांच्यामुळे आणखी अफू आली. दिल्लीला उपग्रहाच्या छायाचित्रात ठिपका दिसला. निरीक्षक खरबंदा महाशिवरात्रीच्या आदल्या सोमवारी अंतिम पाहणीला येत आहेत, असं पत्र आलं. सोबत सपाटीकरणाच्या आदेशाचा कोरा नमुना जोडला होता. फक्त तारीख घालायची होती.

शरयू साठ जणांच्या सह्यांचा कागद घेऊन वर गेली आणि तो तिने मेहरमोला दाखवला. "साठ माणसं आली होती, मेहरमो. करडई मागितली, जवस मागितलं. मग हिने असं का केलं?"

"साठ जण सहीसाठी आल्ते. सही हिच्यात उगवत न्हाई."

"म्हणून अफू?"

"माणूस कशासाठी आलाय ते हिला कळलं न्हाई, की ही अफू देती. तिला वाटतं, मंग हेच पायजे आसंल."

टेकडीवर वारा होता आणि सगळी फुलं एकाच बाजूला झुकत होती.

"मी तर रोज येते. दीड महिना झाला. मला हरभरा का देत नाही?"

मेहरमोने तिच्याकडे नीट बघितलं. "तू हरभऱ्यासाठी येत न्हाईस गं बाई."

"मग कशासाठी येते?"

"मला काय ठावं? हिलाबी न्हाई ठावं. तुझं तू बघ."

उतरताना शरयूला सोपान लेंडे भेटला. तो सहाव्या पायरीवर उकिडवा बसला होता. परिपत्रकाच्या दिवशी तोही चढला होता, टोमॅटो मागायला. शरयूने बघितलं, तर त्याच्या भोवती सगळी अफू, पण तो बसला होता तिथे काहीच नव्हतं. गवताची काडीसुद्धा नव्हती. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा सारवल्यासारखी स्वच्छ होती.

"हे तुम्ही साफ केलंत?" शरयूने विचारलं.

"नाही मॅडम. अशीच होती." सोपान जरा ओशाळला. "खरं सांगू? टोमॅटो वगैरे काही नव्हतं माझ्या मनात. इथून माझं रान दिसतं. बावन्न वर्षं कसतोय, पण वरून कधी बघितलं नव्हतं. ती विहीर बघा, मला वाटायचं मधोमध आहे. कुठं मधोमध आहे? पार कोपऱ्यात आहे. बापानं काय बघून तिथं खांदली असेल?"

शरयू त्याच्या बाजूला उभी राहून विहिरीकडे बघत राहिली. विहीर खरंच कोपऱ्यात होती.

रविवारी कचेरीला सुट्टी होती. शरयूने वही घरी ठेवली, पिशवी घरी ठेवली. नवऱ्याने विचारलं, कुठे निघालीस, तर "बघते जरा" म्हणाली. टेकडी चढताना तिने मनाशी एकेक गोष्ट तपासून बघितली. अहवाल चांगला जावा म्हणून ती येत होती का? येत होती. एकतीस घरांसाठी? तेही होतं. पण ती घरं तिने पाहिली नव्हती, आणि न पाहिलेल्या गोष्टीसाठी माणूस रोज चारशे फूट चढतो का, याची तिला खात्री नव्हती. चौथ्या पायरीवर तिला दम लागला. पाचव्या पायरीवर तिच्या लक्षात आलं, की एक प्रश्न ती दीड महिना मनात घेऊन फिरतेय आणि फाइलमध्ये त्याला जागा नसल्यामुळे तो तिने कुणालाच विचारलेला नाही.

सातव्या पायरीवर वाकड्या झाडाखाली ती उभी राहिली. तिथे कुणी नव्हतं. तरी तिने आजूबाजूला एकदा बघून घेतलं.

"अफूच्या आधी तू काय पिकवत होतीस?" ती म्हणाली. "मला ते बघायचंय. बाकी काही नको."

मग आपण वेड्यासारखं वागलो की काय, असं वाटून ती भराभरा उतरली.

निरीक्षकांच्या पाहणीला आठ दिवस उरले होते. पहिले सात दिवस काही झालं नाही. हवालदार तांबोळी आणि त्यांची माणसं रोज अफू उपटत होती आणि जाळत होती. आठव्या दिवशी सकाळी मेहरमो स्वतः खाली आली. टेकडी आल्यापासून ती पहिल्यांदाच उतरली होती. दुसऱ्या दिवशीच्या पाहणीसाठी कचेरी रविवारीही उघडी होती; ती कचेरीच्या दारात उभी राहिली आणि नुसतीच हात हलवू लागली. तिची सगळी मराठी गेली होती.

शरयू तिच्यामागून धावत वर गेली. सातही पायऱ्यांवर गुडघ्याएवढी रोपं उभी होती. खोड तांबूस, पानं दुमडलेल्या कागदासारखी, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक आखूड शेंग. शरयूने एक शेंग सोलली. आत चार दाणे होते, राखाडी, चौकोनी. सतरा वर्षांत तिने असं पीक पाहिलं नव्हतं.

मेहरमो पायरीवर बसून रडत होती. बऱ्याच वेळाने तिची भाषा परत आली.

"वरझीन," ती म्हणाली. "वरझीन हाय ही. माझा बाप पेरायचा. मी सात वरसांची आसन तवा बी संपलं. लढाई आली, बी शिजवून खाल्लं सगळ्यांनी. मंग जीपवाला आला."

"तू हिच्याकडे कधी मागितलं नाहीस?"

"संपल्यालं कोण मागतं गं?"

त्या दुपारी चंद्रभागाबाईंच्या चुलीवर वरझीन शिजवली. चव कुळीथ आणि अक्रोड यांच्या मधली कुठलीतरी होती. चंद्रभागाबाईंनी लसणाची फोडणी दिली. मेहरमोने फोडणी नसलेली आधी खाल्ली आणि मग फोडणीचीही खाल्ली.

सोमवारी निरीक्षक खरबंदा आले. उंच, शांत गृहस्थ. मराठी त्यांना कळत होती, कारण त्यांची पहिली नेमणूक अकोल्याला झाली होती. त्यांनी सातही पायऱ्या चढून बघितल्या, प्रत्येक पायरीवरचं एक रोप मोजलं, आणि मग वाकड्या झाडाखाली खुर्ची मागवून ते फॉर्म भरायला बसले.

"मॅडम, या पिकाचा सांकेतिक क्रमांक?"

"क्रमांक नाही, सर. हे यादीत नाही."

खरबंदांनी यादी काढली. यादीत दोनशे चौदा पिकं होती. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली. "बरोबर. नाही. आणि 'इतर' असा रकानाही नाही. यादीत नसलेलं पीक हे परवानगी असलेलं पीक नसतं, मॅडम."

"अफू यादीत आहे का?" शरयूने विचारलं.

"वेगळी यादी आहे. निषिद्ध पिकांची."

"त्या यादीत हे आहे?"

त्यांनी तीही यादी काढली. ती छोटी होती. "नाही."

"मग हे निषिद्ध नाही."

"परवानगीही नाही."

पेन हातात धरून खरबंदा म्हणाले, "तुम्ही काय कराल माझ्या जागी?" ते खरोखरच विचारत होते.

शरयू म्हणाली, "सर, करारात 'परवानगी असलेलं पीक' असं आहे. परवानगी कुणी द्यायची, ते नाही. टेकडी त्यांची आहे. पीक त्यांचं आहे. ही त्यांच्याकडची बाई समोर बसलीय. तिला विचारू."

खरबंदांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी खुर्ची मेहरमोकडे वळवली. "बाई, या टेकडीला वरझीन पिकवायची तुमची परवानगी आहे का?"

"व्हय," मेहरमो म्हणाली.

"लेखी द्याल?"

मेहरमोने लेखी दिलं. चंद्रभागाबाईंनी तिला अक्षरं शिकवली होती, पण जोडाक्षरं अजून झाली नव्हती. खरबंदांनी ते वाचलं, शिक्का मारला आणि सपाटीकरणाच्या आदेशाचा नमुना दोनदा दुमडून आतल्या खिशात घातला. "एक वर्ष पाठपुरावा ठेवा," ते उठता उठता शरयूला म्हणाले. "तिकडे गेल्यावर तो जीपवाला येईलच. खरी परीक्षा ती आहे. इथे काय, इथे सगळेच चांगले वागतात."

फाल्गुनात, एका बुधवारी दुपारी, टेकडी परत गेली. निरोपाला अख्खं गाव आलं होतं. चंद्रभागाबाईंनी मेहरमोची ओटी भरली. शेळ्या तीन आल्या होत्या, पाच परत गेल्या. टेकडी गेल्यावर गायरानात एवढा उजेड पडला की लोकांनी डोळ्यांवर हात धरले. सोपान लेंडे बराच वेळ आभाळात, साधारण सहाव्या पायरीच्या उंचीवर, बघत उभा होता.

पाठपुराव्याचं पत्र वैशाखाच्या शेवटी आलं. पाकिटावर सहकारी देशाचा शिक्का होता आणि आत मेहरमोचं अक्षर. तिला आता जोडाक्षरंही येत होती.

'बाईला नमस्कार,' असं तिने लिहिलं होतं. 'पोचलो. टेकडी जाग्यावर बसली, जराशी उत्तरंला सरकली. त्यामुळं येका घराचं मागलं दार उघडत न्हाई, बाकी सगळं बेस हाय. वरझीन आली. लोकं चढत्यात. पूल न्हाई तरी पाण्यातून येत्यात, पलीकडच्या गावाला कळलंय.

जीपवाला आला गुरवारी. दरसाल तो खालीच बसतो, लोकं माल खाली आणून देत्यात. औंदा कोणी काय आणलं न्हाई. मंग तो सोता चढला. आम्ही सगळे गपचीप. वर जाऊन त्यानं आपला माल मागितला आन उतरून गेला. आठ दिवस गावात कोणी नीट जेवलं न्हाई. आता अफू येणार आसंच सगळ्यांना वाटलं, तीस वरसांची वळख हाय त्याची.

आठव्या दिवशी तो आला. तो हुबा ऱ्हायला होता तिथं येकच झाड आल्तं. अफू न्हवती. काय हाय ते आमच्यातल्या म्हाताऱ्यांनाबी ठावं न्हाई. हाताएवढं, पांढरं, वास न्हाई. त्यानं बघितलं आन मटकन खाली बसला. मंग ते उपटून टोपीत घातलं आन घेऊन गेला. आता दर गुरवारी येतो. टोपी दोन्ही हातांनी धरून उतरतो. काय नेतो ते कोणाला दावत न्हाई. आम्हीबी इचारत न्हाई.'

शरयूने पत्र दोनदा वाचलं. मग पाठपुराव्याचा फॉर्म काढून 'अफू' या रकान्यात तिने 'नाही' लिहिलं, 'पीक' या रकान्यात 'वरझीन, व एक माहीत नसलेलं' असं लिहिलं, आणि 'मालाचा उठाव' या रकान्यात 'नियमित'. पुण्याहून पारखी साहेबांनी त्यावर 'समाधानकारक' असा शेरा मारून सही केली.

त्याच दिवशी दुपारी तिने मेहरमोला उत्तर लिहायला घेतलं. सगळ्यांची खुशाली कळवली, चंद्रभागाबाईंच्या मुलीचं लग्न झाल्याचं कळवलं. मग पेन थांबलं. जरा वेळाने तिने नव्या ओळीवर लिहिलं: त्या पांढऱ्याची पानं कशी आहेत?